नेब्युलायझरमधून हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊ नका

"मिठाच्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून नेब्युलायझरने ओढा, फुप्फुसातले जंतू मरतात, अँटिबायोटिक लागत नाही." कोविडच्या काळात फिरलेला हा उपाय ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफ साचणं), सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) किंवा टीबीने फुप्फुस खराब झालेल्यांना सर्वांत महागात पडेल. अशा फुप्फुसात स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू ठाण मांडू शकतो.

"पेरॉक्साइड जंतू मारतं." फरशीवरचे, हो. स्यूडोमोनासकडे कॅटालेज हे एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वर हा जंतू जुन्या दुखण्यात चिकट थराखाली दडलेला. श्वासनलिकेच्या अस्तराला मात्र त्याने इजा होऊ शकते. कफ वर ढकलणारे तिथले सूक्ष्म केस दुखावले की कफ साचतो, आणि जंतूंना तेच हवं असतं.

"शरीर स्वतःच पेरॉक्साइड बनवतं." बनवतं, पण पांढऱ्या पेशी ते गिळलेल्या जंतूभोवतीच्या बंद पोकळीत सोडतात, सगळ्या फुप्फुसभर फवारत नाहीत.

"घरचं मिठाचं पाणी चालतं." नाही. स्यूडोमोनास मुळात पाण्यातलाच जंतू. फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड पाणीही निर्जंतुक धरू नये. 0.9 टक्क्याचं निर्जंतुक सलाईन वापरा, उघडलेल्या नळीतलं उरलेलं फेका. 3 किंवा 7 टक्क्यांचं सलाईन डॉक्टरांनी सांगितलं तरच. त्याने छाती आवळू शकते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात.

"अँटिबायोटिक नको." नेब्युलायझरमधून अँटिबायोटिक देतात, उदाहरणार्थ टोब्रामायसिन 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 28 दिवस चालू आणि 28 दिवस बंद. पण ते कल्चर (कफातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) बघून. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट स्यूडोमोनासवर चालतच नाही. कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या: पाण्याने चूळ भरून खोलवर खोकून काढलेला कफ, थुंकी नव्हे; दोन तासांत लॅबमध्ये.

पेरॉक्साइडची खरी जागा नेब्युलायझरच्या कपात आहे, तीही मशीन बंद असताना. प्रत्येक वेळी वापर झाला की कप आणि मास्क साबणाने धुवा. रोज एकदा, कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर, 5 मिनिटं उकळा. नसेल तर 3 टक्के पेरॉक्साइडमध्ये 30 मिनिटं बुडवून ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने विसळा. दुकानातली बाटली बहुधा 6 टक्क्यांची असते. लेबल बघून तेवढंच पाणी मिसळा. व्हिनेगरवर विसंबू नका. ओला कप डब्यात बंद केलात तर सगळी मेहनत वाया: स्वच्छ कापडावर पूर्ण वाळू द्या.