सँडबॉक्स गेम सुटत नाहीत, पण ‘शेवट नसतो’ हे त्याचं कारण नव्हे

माइनक्राफ्ट, टेरारिया, व्हॅल्हाइम, रस्ट, आर्क अशा सँडबॉक्स, म्हणजे मोकळ्या जगात तगून राहण्याच्या, गेमबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. या गेमना शेवट नसतो, म्हणून खेळणारा थांबूच शकत नाही. आत जुगाराच्या यंत्राचीच युक्ती बसवलेली असते. मेंदूतलं डोपामीन हे रसायन ड्रगइतकं उसळतं. हजार तास खेळलेला माणूस व्यसनी समजावा. आणि उपाय काय, तर एक तासाचा गजर लावा, वाजला की बंद.

ओढ खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. रात्री दहाला ‘जरा बघतो’ म्हणून बसलेला माणूस दोनला उठतो, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण वरच्या पाच विधानांत कारणाचं निदानच चुकलंय, आणि त्यामुळे सुचवलेला उपाय घरोघरी फसतो.

‘शेवट नसतो म्हणून थांबता येत नाही’

आधी वस्तुस्थिती. माइनक्राफ्टच्या नोव्हेंबर 2011 मधल्या पूर्ण आवृत्तीपासून त्यात एंडर ड्रॅगन आहे. तो मारून परतीच्या दारातून गेलं की श्रेयनामावली सरकू लागते. टेरारियात मून लॉर्ड हा शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू. सबनॉटिकात तर रॉकेट बांधून ग्रह सोडायचा, गोष्ट संपली. म्हणजे शेवट असतो. तो गाठायची सक्ती नसते, इतकंच.

आणि गंमत अशी की बहुतेक जण शेवटाच्या कितीतरी आधी गेम सोडून देतात. ‘दोन आठवड्यांचं माइनक्राफ्ट’ हा खेळणाऱ्यांमधला जुना विनोद आहे: झपाटल्यासारखं पंधरा दिवस खेळायचं, मग सहा महिने जगाकडे ढुंकूनही बघायचं नाही. असं का होतं? कारण पकड टंचाईची असते. पहिल्या दिवशी हातात काहीच नसतं. पलंगाला तीन लोकरीचे ठोकळे आणि तीन फळ्या लागतात, अंधारात मॉब (हल्ला करणारे राक्षस) उगवतात, भूक 20 गुणांवरून घसरत 6 वर आली की धावताच येत नाही. प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी अडलेली असते. पुढे आपोआप चालणारं धान्याचं फार्म झालं, मंतरलेलं चिलखत अंगावर आलं की जीवाला धोका उरत नाही. ज्याला बांधकामाचा नाद आहे तो पुढे खेळतो. बाकीच्यांचा उत्साह तिथेच ओसरतो. अंतहीनता हे कारण असतं तर ओढ तशीच टिकली असती. ती पहिल्या काही तासांत सगळ्यात तीव्र असते आणि पोट भरलं की उतरते. उलट वीस मिनिटांत निकाल लागणाऱ्या सामन्यांच्या गेममध्येही ‘अजून एक डाव’ चालूच असतो. तिथे तर दर वीस मिनिटांनी शेवट येतो!

मग थांबता का येत नाही? एक सकाळ जवळून बघू.

माइनक्राफ्टचा पूर्ण दिवस 20 मिनिटांचा: 10 मिनिटं उजेड, 7 मिनिटं रात्र, मधले दोन संधिकाल दीड-दीड मिनिटाचे. उठल्या उठल्या भट्टीत 64 कच्चं लोखंड टाकलंत, खाली 8 कोळसे. एक नग वितळायला 10 सेकंद लागतात, एक कोळसा 8 नगांना पुरतो. म्हणजे 640 सेकंद, 10 मिनिटं 40 सेकंद. आता पलंगाकडे बघा. पाऊस नसेल तर उठल्यापासून साधारण 10 मिनिटं 27 सेकंदांनी झोपता येतं. तेरा सेकंदांची चुकामूक. आणि झोपल्याने रात्र उडी मारून जाते, पण भट्टी पुढे सरकत नाही. शेवटचं लोखंड तसंच अर्धवट राहतं. शेजारी गाईचं वासरू मोठं व्हायला 20 मिनिटं घेणार, त्यालाही तुमच्या झोपेचा फायदा नाही. गाईंची तीच जोडी पुन्हा तयार व्हायला 5 मिनिटं. गहू आठ टप्प्यांतून वाढतो, आणि प्रत्येक वाफा आपापल्या नशिबाने. तेवढ्यात लोखंड तयार होतं. पूर्ण चिलखताला 24 कांबी लागतात, मग उरलेल्या 40 चं काय करायचं?

इतकी घड्याळं एकाच वेळी चालू असतात आणि सगळी वेगवेगळ्या लांबीची. काहीच अर्धवट नाही, असा क्षणच येत नाही. ओढीचं मूळ इथे आहे.

(या ठिकाणी हमखास मानसशास्त्रज्ञ झायगार्निकचं नाव घेतलं जातं: 1927, अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात. तो स्मरणाचा परिणाम नंतरच्या प्रयोगांत सातत्याने सापडलेला नाही. इथे लागू पडणारं काम मारिया ओव्हसियांकिनाचं, 1928 चं: अडवलेलं काम संधी मिळताच माणूस पुन्हा हाती घेतो. बक्षीस नसलं तरी घेतो.)

‘हे जुगाराचंच यंत्र आहे’

फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये बक्षिसाच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांवर सविस्तर लिहिलं. किती प्रयत्नांनंतर बक्षीस मिळेल हे ठरलेलं नसेल तर प्राणी न थकता कळ दाबत राहतो. नाण्याच्या यंत्राला हे नेमकं लागू पडतं. माइनक्राफ्टमधल्या हिऱ्यांच्या खाणीला निम्मंच लागू पडतं.

कारण हिरा कुदळ मारताना ठरत नाही. जगाचा तो भाग तयार होतानाच, सीडच्या, म्हणजे ज्यावरून ते जग घडतं त्या आकड्यावरून, तो कुठे असणार ते ठरलेलं असतं. तीच आवृत्ती आणि तोच सीड घेतला तर हिरा त्याच जागी सापडेल. शिवाय ज्ञानाने शक्यता बदलते. 2021 च्या 1.18 आवृत्तीनंतर हिरे जितके खाली तितके दाट, म्हणून लोक उणे 59 च्या पातळीवर उतरतात; त्याखाली न फुटणारा बेडरॉक लागायला सुरुवात होते. मग दोन ठोकळ्यांची भिंत मध्ये सोडून समांतर बोगदे काढायचे, म्हणजे कमी खोदून जास्त भिंती नजरेखालून जातात. जुगाराच्या यंत्रासमोर असं काहीच शिकता येत नाही.

पण दावा करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. याच गेममध्ये एक खरीखुरी कळ आहे: ग्रंथपाल गावकरी. त्याच्यासमोर लेक्टर्न (पुस्तक ठेवायचा स्टँड) ठेवायचं, तो कोणतं मंतरलेलं पुस्तक विकतोय ते बघायचं, नको असेल तर लेक्टर्न फोडून पुन्हा ठेवायचं. व्यवहार होईपर्यंत हे कितीही वेळा करता येतं, आणि ‘मेंडिंग’ (वस्तू आपोआप दुरुस्त करणारा मंत्र) मिळवण्यासाठी लोक शंभर-शंभर वेळा करतात. मासेमारीही त्याच जातीची. रात्र नेमकी कुठे गेली ते शोधायचं असेल तर आधी इथे शोधा. उपायही साधा आहे: लेक्टर्न वीस वेळा फोडून झालं की त्या दिवशी बंद, पुढचे प्रयत्न पुढच्या वेळी. गावकरी पळून जाऊ नये म्हणून त्याला दोन ठोकळ्यांच्या कोनाड्यात कोंडून ठेवा. घाई कमी होते.

‘डोपामीन ड्रगइतकं उसळतं’

हे विधान फिरत फिरत 1998 च्या ‘नेचर’मधल्या एका अभ्यासापर्यंत पोचतं. त्यात 8 पुरुष होते, गेम रणगाड्याचा होता आणि जिंकल्यावर खरे पैसे मिळत होते. मोकळ्या जगाच्या गेमबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. डोपामीन जेवतानाही वाढतं. ते वाढणं म्हणजे व्यसन नव्हे, आणि या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

‘हजार तास म्हणजे व्यसन’

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दिसणारे तास म्हणजे प्रोग्राम चालू असल्याचे तास. पॉझ करून जेवायला गेलात तरी ते मोजले जातात. दहा वर्षांत हजार तास म्हणजे आठवड्याला दोन तासही होत नाहीत. तेच हजार तास चार महिन्यांत झाले असतील तर दिवसाला आठ, आणि मग विचारपूस करायलाच हवी. आकडा एकच, अर्थ वेगळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात (मंजुरी मे 2019, अंमल 1 जानेवारी 2022 पासून) ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण त्यात तासांचा आकडाच नाही. तिथे तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर आवडी आणि रोजची कामं मागे पडत जाऊन गेम पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू ठेवणं किंवा वाढवणं. त्याने घर, शिक्षण, काम यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि तो सहसा 12 महिने दिसलेला असावा लागतो. लक्षणं तीव्र असतील तर कमी काळही चालतो. या तीन खुणा घरात दिसत असतील तर पुढचं सगळं वाचण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पलंग आणि भट्टीच्या युक्त्या त्यासाठी नाहीत.

‘एक तासाचा गजर लावा’

भिंतीवरचं घड्याळ गेमच्या घड्याळांशी जुळत नाही. गजर वाजतो तेव्हा खेळणारा बहुधा गुहेत असतो, इन्व्हेंटरी (जवळच्या सामानाची जागा) भरलेली असते, परतीची वाट अर्धी आठवत असते. ‘फक्त घरी पोचतो’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. घरी पोचेपर्यंत रात्र झालेली असते, मॉब दारात असतात आणि नेमका तेव्हाच तो मरतो.

मग सुरू होते ती धावपळ. पडलेलं सामान 5 मिनिटांत नाहीसं होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती 5 मिनिटं जगाचा तो भाग लोड (खेळाडू जवळ असल्याने चालू) असतानाच मोजली जातात, हे फार थोड्यांना माहीत असतं. एकट्याच्या जगात मेलात तर मरणाच्या स्क्रीनवर रेंगाळू नका, कारण तिथे वेळ चालूच असते. रिस्पॉन घ्या, म्हणजे पलंगापाशी पुन्हा जिवंत व्हा. पलंग दूर असेल तर तो भाग अनलोड होतो आणि मोजणी थांबते. मग ‘सेव्ह अँड क्विट’ करा, सामान उद्याही तिथेच असेल. पलंग जवळच असेल तर मात्र आधी उचलून आणा. लाव्हात पडलं असेल तर ते जळून गेलंय, धावण्यात हशील नाही. मित्रांच्या सर्व्हरवर दुसरं कोणी त्या भागात फिरत असेल तर मोजणी चालू राहते, तिथे हा हिशेब चालत नाही.

म्हणून मिनिटांऐवजी झोपा मोजा. रोज संध्याकाळ होताच झोपलं तर दिवस साडेदहा मिनिटांत आटोपतो, म्हणजे तासाला पाच-सहा झोपा. मुलाला ‘सात वाजता बंद’ सांगण्यापेक्षा ‘पाचव्या झोपेनंतर बंद’ सांगितलं की भांडणाचं निम्मं कारण जातं, कारण झोपून उठल्यावर तो घरात असतो, जिवंत असतो आणि बाहेर उजेड असतो. चौथ्या झोपेनंतरचा दिवस आवराआवरीचा ठेवायचा: गुहेत उतरायचं नाही, इन्व्हेंटरी पेट्यांमध्ये रिकामी करायची, भट्टीत पूर्ण 64 चा गठ्ठा टाकायचा नाही. शेवटी दाराजवळ पाटी लावून तिच्या चार ओळींत पुढचं काम लिहायचं: ‘उणे 59, पूर्वेचा बोगदा, टॉर्च 32 घेणे’. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या प्रयोगांत दिसलं होतं की अर्धवट कामाचा पुढचा बेत नेमका लिहून काढला की ते काम डोक्यात घोळणं कमी होतं. पाटी तेच करते.

आणि शेताची काळजी नको. एकट्याचं जग बंद केलं की सगळंच थांबतं; पिकं वाळत नाहीत, गाई उपाशी मरत नाहीत. मुलं ‘माझं शेत जाईल’ म्हणत असतील तर हे त्यांना दाखवून द्या.

एक चूक सर्रास होते. एस्केप दाबून पॉझ होतं ते फक्त एकट्याच्या जगात. पेटी किंवा क्राफ्टिंगची खिडकी उघडी ठेवून उठलात तर काळ चालूच राहतो आणि परत येईपर्यंत क्रीपरने (जवळ येऊन फुटणाऱ्या मॉबने) घराची भिंत उडवलेली असते.

जिथे भीती रास्त आहे

फिरणाऱ्या मजकुरात सगळे गेम एका पोत्यात भरलेले असतात, आणि त्यामुळे खरा धोका सुटून जातो. तुम्ही नसताना जग चालू राहतं का, हा प्रश्न विचारायला हवा. रस्टमध्ये तुम्ही लॉग-आउट केलंत की तुमचं शरीर तिथेच झोपलेलं पडून राहतं. कोणीही येऊन बेस (तुम्ही बांधलेलं घर) फोडू शकतो, आणि लोक मुद्दाम मालक ऑफलाइन असताना फोडतात. बेसच्या देखभालीचं सामान ठेवायच्या टूल कपाटात लाकूड-दगड-धातूचा साठा संपला की भिंती आपोआप झिजतात. वर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप (सगळं पुसून नव्याने सुरुवात) असतो, त्या दिवशी उशिरा आलेला मागे पडतो. आर्कमध्ये अधिकृत सर्व्हरच्या मूळ वेगाने पाळलेल्या डायनासोरचं पिल्लू दर आठ तासांनी लाड मागतं. आठ तास म्हणजे रात्रीची झोप मोडू शकते. इथे पाटी आणि पलंग उपयोगाचे नाहीत.

इथे सर्व्हर बदलावा लागतो. आर्कमध्ये खासगी सर्व्हर घेतला तर पिल्लू वाढण्याचा वेग आणि लाडांमधलं अंतर दोन्ही सेटिंगमधून बदलता येतात. पण दोन्ही एकत्र बदला. वेग दहापट केला आणि अंतर आठ तासच ठेवलं तर बरीच पिल्लं लाड मागायच्या आतच मोठी होतात आणि इम्प्रिंट (लाडांतून मिळणारा फायदा) मिळतच नाही. मालक ऑफलाइन असताना हल्ला रोखणारं सेटिंगही तिथे आहे. रस्टमध्ये आठवड्याला वाइप होणाऱ्या सर्व्हरऐवजी महिन्याचा घ्या, बेस छोटा बांधा, कारण बेस जितका मोठा तितका साठा लवकर खातो. निघण्याआधी कपाट उघडून बघा: बेस अजून किती वेळ झिजणार नाही, ते तिथेच लिहिलेलं असतं.