"घरी कोणी आहे का?"

मंगळवार, सकाळचे अकरा चाळीस. फोर्टातल्या ऑफिसात माझ्यासमोर ऑडिटवाले बसलेले आणि फोन वाजतो.

"मॅडम, पार्सल आहे. घरी कोणी आहे का?"

नाही. या वेळेला आमच्या घरी कोणीही नसतं. मुलाचं कॉलेज सातचं, त्याच्या मागोमाग नवरा ऐरोलीला, आणि मी पावणेआठला कुलूप लावून स्टेशन गाठते ती रात्री सव्वाआठला परत. (डोंबिवलीकरांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी लिहिलं.)

"दादा, तळमजल्यावर काकूंकडे द्याल का?"

"तिकडे पण कुलूप आहे."

"मग आमच्या दाराशी ठेवा ना."

"ओटीपी लागेल. आणि चौथा मजला ना तुमचा? लिफ्ट नाहीये."

मी ओटीपी शोधेपर्यंत फोन कट. पाच मिनिटांत मेसेज आला की आपल्या विनंतीनुसार डिलिव्हरी उद्यावर ढकलण्यात आली आहे. माझ्या विनंतीनुसार! बुधवारी तर फोनसुद्धा आला नाही, थेट 'ग्राहक उपलब्ध नाही'. गुरुवारी 'पत्ता अपूर्ण'. याच अपूर्ण पत्त्यावर अठरा वर्षं लाईटबिल बिनचूक येतंय. शुक्रवारी पार्सल परतीच्या प्रवासाला लागलं.

आणि मागवलं काय होतं, तर मिक्सरचं चटणीचं भांडं. कोणी म्हणेल, दुकानातून आणायचं. गेले होते की. फडके रोडवरच्या दुकानदाराने माझ्या जुन्या भांड्याकडे आजीच्या पानदानाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "हे मॉडेल बंद झालं ताई, ऑनलाइन बघा." आता दुकानदारच ऑनलाइनकडे बोट दाखवायला लागल्यावर बोलायचं काय. तीन आठवडे आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात होतेय. चव चांगली लागते हे खरं, पण रात्री साडेनऊला कुटायला बसलं की खालच्या मजल्यावरून फोन येतो.

मला गंमत वाटते ती अंतराची. भांडं राजकोटहून निघालं आणि दीड दिवसात भिवंडीला पोचलं. भिवंडी म्हणजे आमच्यासाठी खाडीपलीकडे. माणकोलीचा पूल झाल्यापासून तर रस्ता मोकळा असेल तर गाडीने वीस मिनिटं. तिथली गोदामं बघितली असतील तुम्ही, विमानतळासारखी लांबच लांब. मुंबईची जकात लागायच्या आत, हायवेला धरून, स्वस्त जागेत ती उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. म्हणजे माल आमच्या उशाशी आहे. राजकोट ते भिवंडी दीड दिवस आणि भिवंडी ते आमचे चार जिने सहा दिवस, तेही जमलं नाहीच.

पिन कोड आपल्या मराठी माणसाने दिला, माहीत असेल. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ पासून ते सहा आकडे देशभर पत्र नेतायत. सारख्या नावाची गावं आणि दहा भाषांतले पत्ते यांचा गुंता त्यांनी सहा आकड्यांत सोडवला. आता टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, दहा अक्षरांचा, चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवणारा. म्हणजे माझी बाहेरची खोली अगदी नेमकी सापडेल. फक्त मजला कळणार नाही आणि त्या चौकोनात दुपारी मी नसेन. कुठे राहतो ते सांगायची सोय झाली, केव्हा असतो ते सांगायची अजून नाही. वेलणकरांसारखं डोकं असलेल्या कोणीतरी एक सातवा आकडा शोधून काढा बुवा.

आता सगळा राग त्या पोरांवर काढणं सोपं आहे. मीही काढायचे. मागच्या महिन्यात एका शनिवारी घरी होते तेव्हा एक जण चार जिने चढून आला, पाठीवर त्याच्याहून मोठी बॅग. पाणी दिलं. तो पायरीवर टेकला, तेव्हा मी विचारलंच, "दादा, आम्ही घरी असतानाही 'कस्टमर नाही' असं कसं काय टाकता हो?" जरा कानकोंडा झाला. मग म्हणाला, "डिलिव्हरी झाली तरच पैसे मिळतात ताई. एका पार्सलचे चौदा रुपये. दार बंद निघालं तर पेट्रोल माझं, जिने माझे. आज ब्याऐंशी आहेत. संध्याकाळी उरलेली हबला परत करायची तर ॲपमध्ये कारण निवडावंच लागतं, त्याशिवाय पार्सल जमाच होत नाही. आणि कारणं सगळी कस्टमरचीच आहेत. 'माझा वेळ संपला' असं बटणच नाही त्यात."

हे ऐकल्यापासून मला तो 'ग्राहक उपलब्ध नाही' मेसेज वेगळाच वाचायला येतो. ज्याने कोणी एसीत बसून ते ॲप बनवलं, त्याच्या लेखी पार्सल घरी पोचलं नाही याचा दोष एकतर माझा किंवा माझ्या पत्त्याचा. आणि भारतातल्या प्रत्येक घरात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दार उघडायला एक बाई असते, असं त्याने धरूनच चाललंय. आई, बायको, सासू, कोणीतरी. एकेकाळी असायची. आता ती बाई फोर्टात ऑडिटवाल्यांसमोर बसलीय.

तिच्या जागी कोण आहे? आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकू आहेत.

सोळा बिऱ्हाडांची जुनी बिल्डिंग, वॉचमन फक्त रात्रीचा. काकांच्या पश्चात काकू एकट्या, वय बहात्तर. कधी कोणी त्यांना विचारलं नाही, ठराव केला नाही, पण गेली पाच-सहा वर्षं आख्ख्या बिल्डिंगचं पार्सल ऑफिस त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. दिवाणाखाली खोके ओळीने लावलेले. प्रत्येकावर जाड स्केचपेनने फ्लॅट नंबर, कारण लेबलवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. दाराच्या मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर, त्याच्या पाठकोऱ्या बाजूला नोंद: '१२, मोठा खोका, १.२०', '७, पाकीट, २.४५', '१६, चपला असाव्यात'. १६ म्हणजे मी. चपलाच होत्या.

रात्री पार्सल आणायला गेलं की दोन मिनिटं बसावं लागतं. आधी मला त्याचा कंटाळा यायचा, खरं सांगते. पोळ्या व्हायच्या असतात, डोक्यात लोकलची गर्दी असते. एकदा अशीच घाईत उठत होते, तर काकू अगदी सहज म्हणाल्या, "अगं, दुपारी जरा डोळा लागला होता. तो बेल वाजवून वाजवून गेला वाटतं. तुझंच होतं का गं?" तक्रार नव्हती. उलट त्यांनाच वाईट वाटत होतं! नंतर मी त्या कॅलेंडरवरच्या वेळा नीट बघितल्या. १.२०, २.४५, ३.१०, ३.३५. एका बाईची दुपारची झोप सोळा घरांनी मिळून खाल्ली होती, आणि त्यातल्या कितीतरी बेला माझ्या होत्या. शंभर-दीडशे रुपये वाचवायला मागवलेल्या वस्तूंच्या.

तर मध्यंतरी काकू पंधरा दिवसांसाठी लेकीकडे नाशिकला गेल्या. मंगळवारचं कुलूप ते. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय हाहाकार उडाला म्हणून सांगू! कोणाचं औषध परत गेलं, कोणाचा मोबाईल. ९ नंबरवाल्यांनी नवीन पासपोर्टसाठी रजा टाकली, कारण तो ज्याचा त्यालाच ओळखपत्र बघून मिळतो, तिथे तर काकूही चालत नाहीत. पोस्टमननेच आदल्या दिवशी निरोप दिला म्हणून निदान रजा सत्कारणी लागली. आणि या सगळ्यात 'पत्ता अपूर्ण असल्याने तुमचं पार्सल थांबवलं आहे, लिंकवर माहिती भरा' असा टपाल खात्याच्या नावाचा मेसेज मला आला. खोटा होता. सरकारनेच २०२४ मध्ये असल्या मेसेजबद्दल सावध केलं होतं, मला माहीत होतं, तरी अंगठा लिंकवर गेलाच होता. रोज तसलाच खरा मेसेज येत असताना खोटा ओळखायचा कसा?

फार काही नको आहे हो. संध्याकाळी साडेआठ ते दहा अशी एक वेळ द्या, वर वीस रुपये घ्या, पण ते चढणाऱ्याच्या हातात पडू देत. नाहीतर स्टेशनबाहेर कुलपाची कपाटं उभी करा, नंबर टाकला की आपलं दार उघडेल अशी. आम्ही सगळे दिवसातून दोनदा तिथूनच जातो. ही काही चंद्रावरची गोष्ट नाही. जर्मनीत अशी पिवळी कपाटं २००१ पासून आहेत, माझी मावसबहीण रात्री अकराला जाऊन पार्सल आणते. आणि जर्मनी कशाला, आपल्याच टपाल खात्याने २०२० मध्ये कोलकात्याला आयटीवाल्यांच्या भागात असे लॉकर सुरू केले, दिवसा घरी नसणाऱ्यांसाठीच. कोलकात्याला सुचतं ते डोंबिवलीला का नाही? आमच्याइतकी दिवसा ओस पडणारी गावं देशात किती असतील?

भांड्याचे पैसे परत आले. भांडं बहुतेक राजकोटला पोचलं असेल, तेवढ्याच दीड दिवसात.

काकू काल परत आल्या. येताना सोळाही घरांना नाशिकचा चिवडा. रात्री मी खाली गेले ती ठरवूनच, की काकूंना सांगायचं, यापुढे कोणाचंही पार्सल घेऊ नका, माझंही नाही. दारावर पाहिलं तर एक कागद चिकटवलेला, त्याच जाड स्केचपेनने लिहिलेला:

'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.'

बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली.

'पार्सल असल्यास खिडकीवर टकटक करावी.'