उसन्या मूर्ती आणि कपाटातली चित्रं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयावरचा माझा लेख वाचून तुम्ही विचारलंत, ‘घरची लघुचित्रं कपाटात कोंडायची आणि ब्रिटिश म्युझियमच्या मूर्ती उसन्या आणून मिरवायच्या, हे कसलं नूतनीकरण?’ राग पोचला. पण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आधी लघुचित्रं. घरातल्या जुन्या पडद्याची दुमड उलगडून बघा. आतला रंग आणि बाहेरचा रंग एका कापडाचे वाटत नाहीत. कागदावरच्या चित्राचंही तेच होतं, आणि उडालेला रंग नंतर अंधारात ठेवून परत येत नाही. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवायचा, काही महिन्यांनी ती उतरवायची आणि दुसरी लावायची, ही जगभरची रीत आहे. तुम्हाला दालन ‘अंधारकोठडी’ वाटलं ते त्यामुळेच.

उसनवारीबद्दल मात्र भांडणार आहे. २०१७ साली ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्याबरोबर इथे ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन झालं. त्यात रेम्ब्राँने केलेलं जहांगीर बादशहाचं रेखाचित्र होतं. भारतात कधीच न आलेला हा डच चित्रकार मुघल चित्रं समोर ठेवून रेखाटत बसला होता! हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मुघल चित्रांच्या सोबतीने प्रत्यक्ष बघणं वेगळं. ते चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं, म्हणजे उसनं आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. २०२३च्या प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनात बर्लिनची संग्रहालयं आणि अमेरिकेतलं गेटी संग्रहालयही सहभागी होतं. तिथेही ग्रीक-रोमन मूर्तींच्या जोडीला भारतीय शिल्पं मांडली होती, कोपऱ्यात नव्हे.

शिवाय वस्तू काही टपालाने येत नाही. पेटी पोचली तरी ती लगेच उघडत नाहीत. इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून साधारण दिवसभर तशीच ठेवतात. मग सोबत आलेला माणूस आणि इथले संवर्धक मिळून प्रत्येक टवका, प्रत्येक भेग वस्तूच्या स्थितीची नोंद असलेल्या कागदाशी ताडून बघतात. परत पाठवताना पुन्हा तेच. पाहुणी वस्तू जाते, पण या कामाने हाताला लागलेलं वळण इथेच राहतं.

मालकीचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. उसनं आणल्याने तो सुटत नाही. २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या मुदतीवरच. ती महाराजांचीच, असा ठोस पुरावा नसल्याचं ते म्युझियम स्वतःच सांगतं. आपल्याकडच्या जल्लोषात हे वाक्य कितीजणांच्या कानावर पडलं?

आणखी एक कबुली. एका संग्रहालयात (नाव नको) मी खास एका चित्रासाठी गेलो, तर भिंतीवर नुसता खिळा. चित्र कुठे गेलं, कधी परत लागेल, एक चिठ्ठीसुद्धा नाही. तिथे तुमच्यासारखाच चडफडलो होतो.

राहता राहिला २०१७च्या प्रदर्शनातला तो थाळीफेक्या, म्हणजे थाळी फेकणाऱ्या खेळाडूचा पुतळा, ‘ग्रीकांचा अस्सल नमुना’ म्हणून तुम्हाला खुपलेला. तो मूळ ग्रीक शिल्पाची रोमन नक्कल आहे, आणि अठराव्या शतकात दुरुस्ती करताना त्याचं डोकं चुकीच्या दिशेला बसवलंय. त्याने मागे थाळीकडे बघायला हवं होतं.