निरुपयोगी बूस्टर अवयवाला धोका कसा पोहोचवेल?

अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये आणि त्यांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय थोडक्यात असा: प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते, त्यामुळे कोविड लसीच्या बूस्टरचा काही उपयोग होत नाही, अँटीबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली की लस वाया गेली, शिवाय लसीने प्रतिकारशक्ती चाळवली जाऊन बसवलेला अवयव शरीर नाकारते, आणि लस घ्यायचीच असेल तर आठवडाभर गोळ्या बंद ठेवाव्यात. यातले पहिले आणि तिसरे विधान शेजारी ठेवले, तरी विसंगती लक्षात येते. लसीतून दाखवलेला विषाणूचा भाग ज्या प्रतिकारशक्तीला ओळखताही येत नाही, तीच त्या लसीने जागी होऊन अवयवावर तुटून पडेल, असे एका दमात सांगितले आहे. तरीही प्रत्येक विधानात सत्याचा एखादा कण अडकलेला असल्याने संदेश पटतो, म्हणून विधाने एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

‘उपयोग होत नाही’ या विधानातला सत्याचा कण बराच मोठा आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2021 मध्ये एमआरएनए लसीच्या (विषाणूचा एक भाग बनवण्याची सूचना पेशींना देणाऱ्या लसीच्या) दोन मात्रा घेतलेल्या 658 प्रत्यारोपितांची तपासणी केली, तेव्हा केवळ 54 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. निरोगी प्रौढांमध्ये त्या जवळपास सर्वांमध्ये तयार होत होत्या. संदेश लिहिणारा मात्र इथेच थांबतो, आणि बूस्टरचा प्रश्न तर यानंतर सुरू होतो. त्याच वर्षी फ्रान्समधील तुलूझ येथे 101 प्रत्यारोपितांना तिसरी मात्रा देण्यात आली. तिच्याआधी 40 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी होत्या, चार आठवड्यांनी हे प्रमाण 68 टक्क्यांवर गेले. दोन मात्रांनंतरही अँटीबॉडी न सापडलेल्या 59 जणांपैकी 26 जणांमध्ये त्या तिसऱ्या मात्रेनंतर प्रथमच दिसल्या. टोरंटोतील 120 जणांच्या चाचणीचे वजन माझ्या मते याहून अधिक आहे, कारण तीत तिसऱ्या वेळी कोणाला लस आणि कोणाला निव्वळ सलाइन मिळणार हे यादृच्छिकपणे ठरवले होते. अँटीबॉडीची पूर्वनिश्चित पातळी लस मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोकांनी गाठली, तर सलाइन मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांनी. प्रतिसाद दुबळा आहे, हे दोन्ही अभ्यास मान्य करतात. तो वाढवता येत नाही, हे मात्र दोन्ही नाकारतात.

तो दुबळा का असतो, हे समजले की पुढचे मुद्दे सोपे जातात. लस दिल्यावर काखेतील लसिका ग्रंथीत बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, झपाट्याने विभागू लागतात, आणि प्रत्येक विभाजनासाठी नवा डीएनए, म्हणून तो घडवण्याचा कच्चा माल लागतो. मायकोफेनोलेट हे प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे औषध त्या मालातील ग्वानीन-घटकांची निर्मिती रोखते. शरीरातल्या इतर बऱ्याच पेशी जुना माल पुन्हा वापरून गरज भागवतात. लिम्फोसाइटना, म्हणजे बी आणि टी या प्रतिकारक पेशींना, ही सोय फारशी नसते, म्हणून फटका मुख्यतः त्यांना बसतो. टॅक्रोलिमस हे असेच दुसरे औषध टी पेशींमधील संदेशवहन अडवते, आणि टी पेशींच्या मदतीवाचून बी पेशींची वाढ रखडते. बेलाटासेप्ट हे तिसरे औषध तर टी पेशीला जागे करणारा दुसरा इशाराच झाकून टाकते, त्यामुळे ते घेणाऱ्यांमध्ये प्रतिसाद विशेष क्षीण आढळतो. म्हणजे ‘प्रत्यारोपित’ हा एकसारखा गट नाही: कोणती औषधे, किती मात्रेत, आणि शस्त्रक्रियेला किती काळ लोटला, यावर एकाचा प्रतिसाद दुसऱ्यापेक्षा फार वेगळा असू शकतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही.

निगेटिव्ह अहवालाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. बऱ्याच प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत 0.8 युनिट ही सीमारेषा आहे; तिच्याखालचा आकडा ‘निगेटिव्ह’ म्हणून छापला जातो. तो आकडा रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडींविषयी सांगतो, टी पेशींविषयी काहीच सांगत नाही. टोरंटोच्या चाचणीत तिसऱ्या मात्रेनंतर विषाणूविरोधी टी पेशींची संख्याही वाढलेली आढळली होती. अर्थात याचा आधार घेऊन अँटीबॉडी नसल्या तरी बिनघोर राहा, असे सांगणे तितकेच चुकीचे ठरेल.

अवयव नाकारला जाण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याने डायलिसिसची वर्षे काढून मूत्रपिंड मिळवले आहे, त्याला ती वाटणारच. पण तुलूझ आणि टोरंटो या दोन्ही ठिकाणी तिसऱ्या मात्रेनंतर रिजेक्शनची, म्हणजे अवयव नाकारला जाण्याची, एकही घटना नोंदली गेली नाही. अमेरिकेतील 30 जणांच्या एका छोट्या गटात हृदय प्रत्यारोपण झालेल्या एका व्यक्तीत अशी घटना दिसली, आणि तिला इतर कारणेही असू शकत होती. पारड्यात दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही पाहावे लागते. साथीच्या सुरुवातीच्या काळात 482 प्रत्यारोपितांच्या एका नोंदीत, रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे 20 टक्के जण 28 दिवसांत दगावले होते. शिवाय संसर्ग गंभीर झाला की डॉक्टरांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागतात, आणि अवयवाला त्यातूनही धोका संभवतो. जिवंत विषाणू असलेल्या लसी, उदाहरणार्थ गोवर-गालगुंड-रुबेला किंवा पीतज्वराची, प्रत्यारोपणानंतर सहसा टाळतात हे खरे. पण त्यामागचे मुख्य कारण लसीतील विषाणूच शरीरात फोफावण्याची शक्यता हे आहे, आणि एमआरएनए लसीत जिवंत विषाणू नसतो.

संदेशातली शेवटची ओळ सर्वांत घातक आहे, कारण ती वाचून कोणी खरोखरच डबी बाजूला ठेवेल. मायकोफेनोलेटने प्रतिसाद घटतो, मग ते थांबवल्यास वाढेल, हा तर्क वरकरणी चोख वाटतो आणि संशोधकांनाही तो सुचला होता. नेदरलँड्समध्ये आधीच्या मात्रांना प्रतिसाद न दिलेल्या मूत्रपिंड-प्रत्यारोपितांवर त्याची देखरेखीखाली चाचणी झाली. लसीच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा औषध बंद ठेवूनही प्रतिसाद लक्षणीय वाढला नाही. संदेशात तर ‘गोळ्या’ असा मोघम शब्द आहे, म्हणजे वाचणारा टॅक्रोलिमसही सोडू शकतो. बहुतेक जण ते दर बारा तासांनी घेतात, आणि रक्तातील त्याची पातळी एका अरुंद पट्ट्यात राखण्यासाठी वारंवार तपासणी करतात. रिजेक्शन सुरू झाले तरी सुरुवातीला दुखत नाही, ताप येईलच असेही नाही. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा चढलेला दिसेपर्यंत अवयवाला इजा होऊ लागलेली असते.

तुलूझच्या त्या 59 जणांपैकी 33 जणांमध्ये तिसऱ्या मात्रेनंतरही अँटीबॉडी आढळल्या नाहीत, हेही सांगायलाच हवे. अशांसाठी पुढची मात्रा, घरातल्या इतरांचे लसीकरण आणि लक्षणे दिसताच लगेच उपचार, हे मार्ग उरतात. कोविडवरील निर्माट्रेलव्हिरच्या गोळ्यांसोबतचे रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने अनेक पटींनी चढवू शकते, म्हणून त्या गोळ्यांची पहिली मात्रा घेण्यापूर्वीच प्रत्यारोपण पथकाला फोन करावा.