चार बटणं आणि ड्रेनेजचं एक झाकण

चिंचवडच्या चापेकर चौकातल्या आमच्या कट्ट्यावर परवा चहा गार झाला तो नगरसेवकांवरून.

सुरुवात माझ्या आईपासून. १५ जानेवारी २०२६ला ती पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मतदानाला गेली, एक बटण दाबलं आणि निघाली. "आजी, अजून तीन राहिलीत!" केंद्रावरच्या बाईंनी परत बोलावलं. घरी आल्यावर म्हणाली, "मला त्यातला एकच ओळखीचा होता रे."

मी तेच मांडलं. प्रभागाला चार नगरसेवक म्हणजे जाब विचारायला एकही नाही. २०२१च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं झाकण खचलं, तेव्हा मी चौघांकडे गेलो. एक म्हणाला, तो भाग त्यांच्याकडे. दुसरे म्हणाले, निधी यांचा. शेवटी आम्हीच खड्ड्यात फांदी रोवून तिला लाल फडकं बांधलं. दिवाळीत नवं झाकण बसलं, ते आता परत खचलंय.

"मग एकाचा वॉर्ड हवा?" कट्ट्यावरचा वकील मित्र म्हणाला. "२००७ला होता की. पाच वर्षं राबायचं आणि सोडतीत वॉर्ड आरक्षित निघाला की घरी बसायचं. किंवा बायकोला उभं करायचं. चारच्या प्रभागात काम करणाऱ्याला जागा उरते आणि दोन बायका हमखास निवडून येतात."

हे मला मान्य करावंच लागलं. पण मग दर वेळी नियम का बदलतो? २००२ला तीनचा प्रभाग, २००७ला एकाचा, २०१२ला दोनचा, २०१७ला चारचा. २०१२ आणि २०१७ला जागा १२८च, प्रभाग मात्र ६४ चे ३२ झाले. २०२२साठी तीनचा ठरला, सरकार बदललं, परत चार! मुंबईत बसून ठरवतात, आपल्याला कोण विचारतो?

"तरी लोकांनी सत्ता पालटलीच ना," वकील म्हणाला. "२०१२ला भाजपचे तीन, २०१७ला ७७."

"त्यातले बरेच आधी पलीकडच्या पक्षात होते," नाना पहिल्यांदाच बोलले. नाना कंपनीतून निवृत्त झालेले, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहून इथे रुजलेले. "एकाच्या वॉर्डात गावकी-भावकीच चालायची. आम्हा बाहेरच्यांना मोठ्या प्रभागातच किंमत आली. पण मला विचाराल तर एक की चार, हा भांडणाचा विषयच नाही. महापालिका झाली १९८२ला, पहिली निवडणूक १९८६ला. आणि आता मार्च २०२२ला मुदत संपली ती २०२६च्या जानेवारीपर्यंत प्रशासकच. जवळजवळ चार वर्षं दार वाजवायला माणूसच नव्हता!"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वकिलाने वही काढली. झाकणासाठी एकच अर्ज, चार प्रती, चौघांची नावं वेगवेगळी. नानांनी सही केली आणि बजावलं, "प्रत्येकाकडून पोच घ्या, तारखेसकट."