पार्क जी-सुंग 'मेहनती' होता म्हणे!

मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या टीमचा विषय निघाला की आपल्या फुटबॉल ग्रुप्सवर तिच्यातल्या पार्क जी-सुंग या दक्षिण कोरियन प्लेयरबद्दल ठरलेल्या कॉमेंट्स पडतात. काय पळायचा राव, तीन फुप्फुसं होती त्याला, मेहनती माणूस वगैरे. सगळं प्रेमानेच लिहिलेलं असतं, मान्य. पण मला ते वाचून दरवेळी शाळेतलं प्रगतीपुस्तक आठवतं. ज्या पोराबद्दल बाईंना दुसरं काही सुचायचं नाही त्याच्या शेऱ्यात हमखास "मेहनती आहे" असायचं, आणि पहिल्या नंबरच्या पोराला कोणी मेहनती म्हणायचं नाही, तो पहाटे चारला उठून घोकत असला तरी. तर माझं सरळ म्हणणं असं की पार्क त्या टीममधल्या सगळ्यात डोकेबाज प्लेयर्सपैकी एक होता. पळायचा तो डोकं चालवून पळायचा. आणि एशियन प्लेयर दिसला की युरोपातल्या कॉमेंटेटर्सना शिस्त आणि कष्ट सोडून तिसरं काही दिसत नाही, तेच आपण एशियन असूनही उचललंय.

सुरुवात बघा ना. सुवॉन शहरात वाढलेला, बारीक, बुटका, वर पाय सपाट. लहानपणी अंगात ताकद यावी म्हणून घरच्यांनी बेडकाचा काढा पाजला ही गोष्ट तर त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात असतेच, जाऊ दे ती. कोरियातल्या प्रोफेशनल क्लब्सना शाळेतून बाहेर पडलेला हा पोरगा नको होता, म्हणून तो म्योंगजी युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथून २००० साली जपानच्या क्योटो पर्पल सांगा क्लबमध्ये. त्याच वर्षी क्योटो खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, पुढच्या वर्षी परत वर आला, आणि १ जानेवारी २००३ ला त्यांनी एम्परर्स कप जिंकला, काशिमा अँटलर्सला २-१ ने हरवून. फायनलमध्ये पार्कचा गोल होता.

मधल्या काळात २००२ चा वर्ल्ड कप झाला होता. १४ जून, इंचॉन, पोर्तुगालविरुद्ध. ली यंग-प्योचा क्रॉस छातीवर घेतला, उजव्या पायाने चेंडू डिफेंडरच्या वरून उचलला आणि जमिनीवर नीट टेकायच्या आत डाव्या पायाने गोलकीपर व्हितोर बाइयाच्या दोन पायांमधून जाळ्यात. गोल झाल्यावर पळत जाऊन कोच हिडिंकच्या अंगावर उडी. एकवीस वर्षांचा होता. हा गोल यूट्यूबवर बघा आणि मग मला सांगा यात नुसती मेहनत कुठे दिसते. कोरिया सेमीफायनलला गेला आणि त्या टीमच्या पोरांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. आपल्याला बाहेरून हे किरकोळ वाटतं, पण ऐन विशीतली दोन वर्षं तिकडे गेली असती तर युरोपचं जे पुढे झालं ते त्याच वेळेत झालं असतं का, मला तरी शंका आहे.

हिडिंक त्याला आणि ली यंग-प्योला घेऊन हॉलंडला पीएसव्ही आइंडहोवनमध्ये गेला. तिथे आधी गुडघ्याचं ऑपरेशन, फॉर्म नाही, आणि घरचेच प्रेक्षक हुर्यो करायला लागले. पायात बॉल आला की स्टेडियममध्ये शिट्ट्या. हिडिंकने काय केलं, तर काही काळ त्याला घरच्या मैदानापासून लांब ठेवला आणि बाहेरच्या मॅचेसमध्ये जास्त खेळवला. असा कोच मिळणं हेही नशीबच म्हणायचं. नंतर त्याच लोकांनी त्याच्या नावाचं गाणं केलं. ४ मे २००५ ला चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लब्सची सगळ्यात मोठी स्पर्धा) सेमीफायनलच्या दुसऱ्या लेगमध्ये मिलानविरुद्ध नवव्या मिनिटाला त्याचा गोल होता, पीएसव्ही ३-१ जिंकले तरी अवे गोलच्या तेव्हाच्या नियमाने (दोन लेग मिळून बरोबरी झाली की बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे) बाहेर. त्या दोन मॅचेस बघूनच युनायटेडवाले त्याच्या मागे लागले असणार. जुलैमध्ये तो मँचेस्टरला. तेव्हा बरेच जण म्हणाले, कोरियात जर्सी खपवायला आणलाय. सात सीझन राहिला हा जर्सी खपवणारा!

आता माझा मुख्य पुरावा. ५ मे २००९, आर्सेनलचं एमिरेट्स, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. युनायटेडचा पहिला गोल पार्कचाच, पण मला तिसऱ्या गोलबद्दल बोलायचंय, तो सगळ्यांना "रोनाल्डोचा काउंटर अटॅक" म्हणून पाठ आहे. आपल्या बॉक्सजवळ व्हिडिचचं हेडर, रोनाल्डोची टाच, बॉल पार्ककडे. पुढचा भाग हळू करून बघा. पार्क बॉल घेऊन निघतो आणि लगेच देत नाही. डावीकडून रूनी सुटलाय, मागून रोनाल्डो सुसाट येतोय, मध्ये आर्सेनलवाले धापा टाकत मागे पळतायत. पार्क रूनीला पास तेव्हाच देतो जेव्हा त्याला पावलांचा वेग न मोडता तो घेता येईल. आधी दिला असता तर रूनी एकटा पडला असता, उशिरा दिला असता तर सगळा खेळ थंड. रूनीचा क्रॉस, रोनाल्डोचा गोल, पोस्टरवर रोनाल्डो. असो.

दुसरा पुरावा १० मार्च २०१०, युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, समोर मिलान. लोकांना ती रात्र युनायटेडचा जुना बेकहॅम मिलानकडून परत आला म्हणून आठवते. माझ्यासाठी ती पार्कची मॅच. युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनने त्याला विंगवरून काढून मध्ये आणला, रूनीच्या मागे, आणि काम दिलं पिर्लो. पिर्लो म्हणजे मिलानचा मेंदू, सगळा बॉल त्याच्याकडून जायचा. पार्क नुसता त्याला चिकटून राहिला असं लोक सांगतात, ते अर्धंच आहे. तो पिर्लो आणि त्याला पास देणारा यांच्या मधल्या रेषेत उभा राहायचा, म्हणजे पास द्यायलाच नको वाटावं. आणि बॉल युनायटेडकडे आला की हाच पठ्ठ्या पुढे निघायचा, कारण पिर्लो काही मागे धावत येणार नाही हे त्याला माहीत होतं. बरोबर तसाच ५९ व्या मिनिटाला स्कोल्सच्या पासवर त्याचा गोल झाला. मॅच ४-० संपली. नंतर पिर्लोने आत्मचरित्रात पार्कचं कौतुक केलं, पण कसं, तर हा जणू अणुऊर्जेवर चालतो आणि आपल्याला अडवण्यासाठी कोणीतरी त्याचं प्रोग्रामिंग करून पाठवलंय अशा थाटात. म्हणजे ज्याने जगातल्या सगळ्यात हुशार मिडफिल्डरला डोक्याने हरवला, त्याला त्या मिडफिल्डरनेच मशीन ठरवलं! आणि आपण ते मीम बनवून फिरवतो, हसतो. मीही हसलोय, विनोद चांगलाच आहे, पण मुद्दा तोच राहतो.

मॉस्कोच्या चॅम्पियन्स लीग फायनलचं मात्र मला अजून पचत नाही. २००८ ला क्वार्टरफायनलला रोमा, सेमीफायनलला बार्सिलोना, दोन्हीकडे पार्क जीव तोडून खेळला, मेस्सीसमोर खेळला. आणि २१ मेच्या फायनलला टीममध्ये नाही. बेंचवरसुद्धा नाही, सुटाबुटात स्टँडमध्ये. चेल्सीविरुद्ध पेनल्टीवर कप जिंकला, मेडल मिळालं, पण कोरियात लोक रात्र जागून टीव्हीसमोर बसले होते ते यासाठी नाही. फर्ग्युसनने नंतर कबूल केलं की तो निर्णय आपल्याला बोचत राहिला. पुढच्या वर्षी रोममध्ये आणि २०११ ला वेम्बलीवर त्याने फायनलला पहिल्यापासून खेळवलं, चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये खेळणारा पहिला एशियन तो हाच, पण दोन्ही वेळा समोर मेस्सीची बार्सिलोना. संपला विषय.

युनायटेडकडून २०५ मॅचेस, २७ गोल. आकडा छोटाच आहे, पण त्यातले आर्सेनल, लिव्हरपूल, चेल्सी, मिलान यांच्याविरुद्धचे बाजूला काढा, मग कळेल हा कधी गोल करायचा. कोरियासाठी तीन वर्ल्ड कपमध्ये गोल, पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस. शेवटची स्पर्धा २०११ चा दोह्यातला एशियन कप. तीच स्पर्धा जिच्यात आपला भारत कोरियाशी खेळला, ४-१ हरलो, सुनील छेत्रीची पेनल्टी आणि सुब्रत पालने अडवलेले ते ढीगभर शॉट्स आठवत असतील. पार्क त्या कोरियाचा कॅप्टन, आणि त्याच मॅचमध्ये एका अठरा वर्षांच्या पोराने देशासाठी पहिला गोल मारला, त्याचं नाव सॉन ह्युंग-मिन. सेमीफायनल जपानविरुद्ध पेनल्टीवर गेली, ती पार्कची शंभरावी मॅच. मग २९ व्या वर्षी इंटरनॅशनल फुटबॉल बंद, गुडघाच साथ देत नव्हता. युनायटेडनंतर क्यूपीआर या लंडनच्या क्लबमधलं वर्ष विसरण्यासारखं, एक सीझन परत पीएसव्ही, २०१४ ला रिटायर.

अजून एक गोष्ट राहिली, त्या गाण्याची. युनायटेडच्या फॅन्सनी त्याच्यावर केलेल्या गाण्यात कोरियन लोक कुत्र्याचं मांस खातात असा टोमणा होता, आणि आपल्याकडच्या युनायटेड फॅन्सनीही स्क्रीनिंगला ते गळा फाडून म्हटलंय. २०२१ मध्ये वुल्व्ह्ज या इंग्लिश क्लबने कोरियाच्या ह्वांग ही-चानला घेतलं तेव्हा त्याच्या स्वागताच्या वेळी युनायटेडच्या फॅन्सनी हेच गाणं म्हटलं. तेव्हा पार्क पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला की सुरुवातीला आपल्या नावाचं गाणं आहे याचा अभिमान वाटायचा, तो टोमणा खटकायचा पण नवीन देशात हेही सोसायचं असतं असं वाटून गप्प राहिलो, आता कृपा करून थांबवा. सोळा वर्षांनी! यावर "अरे प्रेमाने म्हणायचे" हे मला ऐकवू नका. प्रेमाने म्हणत असाल तर तो थांबवा म्हणाल्यावर थांबायला काय हरकत आहे.

आता खाली कोणीतरी लिहिणारच की सॉन मोठा की पार्क. कोरियातही हा वाद कायम चालतो, त्यात तिसरं नाव चा बुम-कुनचं असतं, जे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. जर्मनीच्या बुंडेसलीगात ३०८ मॅचेस, ९८ गोल, आणि दोन वेगळ्या क्लब्सना यूएफा कप (युरोपातली दुसऱ्या फळीची स्पर्धा), १९८० ला फ्रँकफर्ट आणि १९८८ ला लेव्हरकूसन. माझा क्रम विचाराल तर चा, मग सॉन, मग पार्क. हो, तिसरा. एवढं लिहूनसुद्धा तिसराच, कारण त्या दोघांनी जे केलं ते अफाट आहे. पण उद्या फायनल आहे आणि समोर पिर्लो आहे असं असेल तर मी पहिलं नाव पार्कचं लिहीन. चा बुम-कुनवर वेगळी पोस्ट टाकतो, १९८८ च्या फायनलमधला त्याचा हेडर बघून ठेवा तोपर्यंत.