सोयाबीन घरात पडून आहे तेव्हा काय विचारायचं

दिवाळीच्या आसपास आमच्या अमरावतीकडच्या घरी फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग, सोयाबीनला भाव काय मिळाला?" पुण्यामुंबईत राहणारी आम्ही सगळी पोरं हेच विचारतो, विचारणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसतं, पण ज्याच्या घरात पोत्यांची थप्पी लागलीय त्याला नेमकं हेच माहीत नसतं. २०२५-२६ चा हमीभाव जाहीर झाला ५३२८ रुपये क्विंटल, बाजार समितीत व्यापारी त्याच्या कितीतरी खाली बोलतो, सरकारी केंद्रावर न्यायचं तर आधी नोंदणी, मग मेसेजची वाट, आणि तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल परत आणायचा. अशा माणसाला रोज चार जणांनी फोन करून भाव विचारला म्हणजे रोज चारदा त्याच्या तोंडून "अजून काही नाही" वदवून घेतलं. मग हळूहळू तो फोनच उचलत नाही, आणि आपण म्हणतो मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आजकाल बोलतच नाहीत.

मला अगदी मनापासून वाटतं की सगळं अधांतरी असतं तेव्हा ज्याचं उत्तर समोरच्याकडे आहे तेच विचारावं. आज वावरात गेले होते का, सोबत कोण होतं, हरभरा पेरायचं काय ठरतंय, रात्री झोप लागते का. मागच्या हंगामात मी मोठेबाबांना विचारलं की सगळ्यात जास्त टेन्शन कशाचं येतं, मला वाटलं भाव म्हणतील नाहीतर बँकेचं कर्ज, तर म्हणाले, "बाबू, कृषी केंद्राची उधारी राह्यली ना, त्याच्या दुकानासमोरून जायची लाज वाटते, मी आता मागच्या रस्त्यानं जातो." हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यावर मी काही सुचवलं नाही, फक्त विचारलं कधीपासून, आणि मग ते बराच वेळ बोलत राहिले, उधारीवरून बैलजोडी विकली त्या वर्षापर्यंत गेले. त्यानंतर ते स्वतःहून फोन करायला लागले. "विकून टाका", "थांबा, भाव वाढेल", "शेती परवडतच नाही" हे सगळं त्यांनी पारावर शंभरदा ऐकलेलं असतं हो, आपण त्यात भर घालून काय होणार?

आणि मोठ्याईला, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोला, तर कुणी भावसुद्धा विचारत नाही. बचत गटाचा हप्ता, पोरीच्या कॉलेजची फी, पाहुणे आले तर काय करायचं हे सगळं तिच्या डोक्यात, पण फोन तिच्या हातात गेला की "जेवलीस का" वर संपतो. तिला विचारा, ती घराची खरी परिस्थिती सांगते.

आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले, त्यांनी घरोघरी जायचं, छोट्या बैठका घ्यायच्या, मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं, ऐकायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. २०१७ साली मानसोपचाराचं नियतकालिक असलेल्या लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत त्याचे आकडे आले, नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतर २७.२ टक्के. म्हणजे आपली माणसं बोलत नाहीत हे खरं नाही, कुणी दारात येऊन नीट विचारलं तर बोलतात.

एक प्रश्न मात्र आपण घाबरून टाळतो. माणूस "आता काही अर्थ नाही" असं वारंवार म्हणायला लागला, हिशोब मिटवायची, कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवायची घाई करायला लागला, तर सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात तो विचार घुसतो अशी भीती असते, ती खरी नाही, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तो त्याच्या शेजारी बसून तुम्हीच लावून द्या.